ज्यांना बोलता येत नाही, त्यांनाही अभ्यासात घ्या

प्रति,
वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था, संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिट्या आणि संशोधन-नियतकालिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत यावी म्हणून एक व्यायामपद्धत तपासली जात होती. त्या अभ्यासासाठी आम्ही माझ्या वडिलांचं नाव दिलं होतं. नकार आला. कारण एका ओळीत लिहिलं होतं : रुग्णास वाचाघात असल्याने संमती व प्रश्नावली शक्य नाही. वाचाघात म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बोलणं आणि भाषा हरवणं. बाबांचा उजवा हात लुळा पडला आहे. त्यांचं वय निकषात बसत होतं, झटका येऊन किती काळ लोटला तेही बसत होतं. हाताच्या अभ्यासातून त्यांना बाहेर ठेवलं ते बोलता येत नाही म्हणून.

त्या संस्थेचं नाव मी इथे घेणार नाही. नाव घेतलं तर ही एका संस्थेविरुद्धची तक्रार होऊन बसेल आणि तुम्ही बाजूला राहाल. तो निकष त्या संस्थेने एका रात्रीत शोधून काढलेला नाही. अभ्यासाचा आराखडा एका कमिटीने वाचला, दुसऱ्या संस्थेने त्याला पैसे दिले, उद्या एखादं नियतकालिक त्याचे निष्कर्ष छापेल. या तिन्ही ठिकाणी कुणीतरी तो निकष वाचला असणार आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, आणि उघड आहे, कारण असे नकार पचवून गप्प बसलेली घरं पुष्कळ आहेत.

मी एका संशोधन-प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. पक्षाघाताचा अभ्यास उंदरापासून सुरू होतो तो टप्पा मला रोज दिसतो, आणि तो जिथे पोहोचायला हवा ते माणूस माझ्या घरात आहे. या दोन टोकांच्या मध्ये माणसं कुठे कुठे गळतात, ते मला इथे क्रमाने मांडायचं आहे.

सुरुवात प्रयोगशाळेतूनच करते. पक्षाघाताच्या प्रयोगात उंदराच्या मानेतल्या धमनीतून केसासारखा बारीक नायलॉनचा धागा वर सरकवतात आणि मेंदूची एक मुख्य रक्तवाहिनी काही काळ बंद करतात. नंतर मेंदू काढून त्याचे साधारण दोन मिलिमीटर जाडीचे काप करतात आणि टीटीसी नावाच्या रंगहीन द्रावणात, शरीराइतक्या तापमानाला, अंधारात ठेवतात. पेशी जिवंत असतील तिथे त्यांची विकरं त्या द्रावणाला लाल करतात. पेशी मेल्या असतील तो भाग पांढराच राहतो. कापांची रांग मांडली की लाल मांसात पांढरा डाग किती पसरलाय ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. औषध दिलेल्या उंदरात हा डाग लहान निघाला की सगळ्या खोलीचा चेहरा उजळतो, आणि तो आनंद खरा असतो.

प्रश्न त्या उंदराचा आहे. तो बहुधा काही महिन्यांचा असतो, नर असतो आणि धडधाकट असतो. त्याला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, वजन बेताचं. आता पक्षाघाताचा रुग्ण आठवा. बत्तीस देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की पक्षाघाताच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के वाटा दहा घटकांत सापडतो, ते सगळे बदलता येण्यासारखे आहेत आणि त्यांत सगळ्यात मोठा आहे उच्च रक्तदाब. म्हणजे वय झालेलं, रक्तदाबाचं, कधी मधुमेहाचं, कधी हृदयाचे ठोके अनियमित असलेलं शरीर. त्यात बायका निम्म्याच्या आसपास. हे शरीर आपण तरुण निरोगी नर उंदरात शोधतो आणि औषध माणसात चाललं नाही की नवल करतो.

२००६ मध्ये काही संशोधकांनी पक्षाघातावर तोवर तपासलेल्या प्रायोगिक उपचारांची मोजदाद केली. आकडा निघाला १,०२६. मेंदूच्या पेशींना थेट वाचवणारं म्हणून त्यातलं एकही औषध तेव्हा जगभर रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात पोहोचलेलं नव्हतं. सगळ्यात जिव्हारी लागलेलं अपयश एनएक्सवाय-०५९ या औषधाचं. प्राण्यांत ते उत्तम चाललं होतं, २००६ मधल्या पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दिसली होती, आणि २००७ मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. मग मागे वळून प्राण्यांवरचे प्रयोग पुन्हा तपासले गेले. ज्या प्रयोगांत कुठल्या उंदराला औषध आणि कुठल्याला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, आणि डाग मोजणाऱ्याला ते माहीत नव्हतं, त्यांत औषधाचा परिणाम इतर प्रयोगांपेक्षा बराच कमी होता. सूचना मात्र आधीच हजर होत्या. स्टेअर या पक्षाघात-संशोधकांच्या गटाने १९९९ मध्येच सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्या प्राण्यांत तपासा, दोन्ही लिंगांत तपासा, एकाहून जास्त प्रयोगशाळांत तपासा. २०१० मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वृत्तान्त कसा लिहावा यासाठी अराइव्ह ही नियमावली आली, २०२० मध्ये ती सुधारली गेली. नियम लिहिण्यात आपण कधीच कमी पडलो नाही.

मादी उंदीर का घेत नाही, याचं एक ठरलेलं उत्तर असतं : त्यांच्या संप्रेरकांच्या चक्रामुळे आकडे फार वरखाली होतात. २०१४ मध्ये सुमारे तीनशे शोधनिबंधांतले आकडे एकत्र करून हे तपासलं गेलं. मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत, असं त्यातून दिसलं. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी निधी मागणाऱ्यांना लिंगाचा विचार आराखड्यातच करायला लावला. ही अट लागू होताच लोक कसे भराभर सुधारणा करतात ते मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे अट घालणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको, आणि हे पत्र तुम्हालाच का लिहिलं त्याचं कारणही तेच.

हे जमतं, याचा दाखलाही आहे. अमेरिकेत स्पॅन नावाच्या जाळ्यात अनेक प्रयोगशाळांनी मिळून सहा उपचार एकाच पद्धतीने तपासले. त्यात तरुण उंदीर होते, वयस्क होते, माद्या होत्या, चरबीयुक्त आहारावर वाढवलेले लठ्ठ होते, रक्तदाब असलेले होते. वाटणी चिठ्ठ्यांनी, मोजणी आंधळी, म्हणजे औषध कुणाला दिलं हे मोजणाऱ्याला ठाऊक नसताना केलेली. सहापैकी शेवटी एकच उपचार कसोटीला उतरला, युरिक ॲसिड. सहातला एक ऐकून कुणी निराश होईल, मला मात्र फार बरं वाटलं. उरलेल्या पाचांच्या मागे हजारो रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धावायला लावलं गेलं नाही.

आता माणसांवरच्या चाचण्या. इथे माझी तक्रार जास्त कडक आहे, कारण इथे वगळली जातात ती नावगाव असलेली माणसं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. ज्या अभ्यासाने ती वाढवली त्यात ऐंशी वर्षांवरच्या कुणाला घेतलंच नव्हतं. साहजिकच पुढे कित्येक रुग्णालयांत ऐंशी ओलांडलेल्या माणसापाशी डॉक्टरांचा हात आखडायचा : पुरावा नाही. पुरावा नव्हता, कारण तो कुणी गोळाच केला नव्हता. मग आयएसटी-३ हा अभ्यास आला, त्यातल्या ३,०३५ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त ऐंशीच्या पुढचे होते. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर दिसलं की वेळेत इंजेक्शन दिलं तर ऐंशीच्या पुढेही फायदा होतो. मधली वर्षं ज्यांची गेली त्यांचा हिशेब कुठल्याच निबंधात नाही.

झोपेत झटका येणाऱ्यांचं तसंच. साधारण पाचातल्या एकाला पक्षाघात झोपेत येतो. सकाळी उठतो तेव्हा हात उचलत नाही, तोंड वाकडं झालेलं असतं, आणि सुरुवात कधी झाली हे कुणालाच ठाऊक नसतं. घड्याळ लावता येत नाही म्हणून ही माणसं उपचाराबाहेर आणि अभ्यासाबाहेर. २०१८ मध्ये वेक-अप चाचणीने दाखवलं की एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या तर झटका ताजा आहे का हे ओळखता येतं, आणि मग इंजेक्शन उपयोगी पडतं. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण इंजेक्शन मिळालेल्यांत ५३ टक्के होते, न मिळालेल्यांत ४२. या चाचणीत आठशे रुग्ण घ्यायचे ठरले होते. ५०३ वर ती थांबवावी लागली, कारण निधी संपला. निधी देणाऱ्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं. आणि या चाचणीतही ऐंशीच्या पुढच्यांना दार बंदच होतं.

उशिरा पोहोचलेल्यांची गोष्ट पाहा. रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गुठळी ओढून काढण्याची पद्धत, थ्रॉम्बेक्टॉमी, २०१५ मधल्या पाच चाचण्यांनी पक्की झाली, पण मुख्यतः सुरुवातीच्या काही तासांपुरती. सहा तासांनंतर आलेल्याला बहुतेक ठिकाणी परत पाठवलं जायचं. मग डॉन चाचणीने सहा ते चोवीस तासांतले निवडक रुग्ण घेतले. नव्वद दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४९ टक्के निघाले. ज्यांची गुठळी काढली नव्हती त्यांच्यात १३. पुढे ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेला दिसतो, ज्यांच्याबद्दल 'आता काय करणार' असं म्हटलं जायचं, त्यांचाही अभ्यास २०२२ मध्ये जपानमध्ये आणि २०२३ मध्ये चीनसह इतर देशांत झाला. त्यांनाही फायदा दिसला. पूर्ण बरे होणारे थोडे, हे खरं. पण कायम अंथरुणाला खिळणं आणि आधाराने चालणं यांतलं अंतर घरच्यांना विचारा.

चार प्रकारच्या माणसांना वगळलं होतं : म्हाताऱ्यांना, झोपेतल्यांना, उशिरा आलेल्यांना, जास्त नुकसान झालेल्यांना. चारही वेळा अभ्यासात घेतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना उपचार लागू पडला. घेतलं की फायदाच दिसेल असं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये अवर्ट नावाच्या चाचणीत दोन हजारांवर रुग्णांमध्ये पहिल्या चोवीस तासांत लवकर आणि भरपूर चालवण्याचा प्रयोग झाला, आणि नेहमीच्या काळजीपेक्षा निकाल उलट वाईट आला. तो निकाल दाबून न ठेवता छापला गेला, म्हणून आज फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी सबुरीने घेतात. फायदा असो की अपाय, ज्याला अभ्यासात घेतलं त्याच्याचबद्दल तो कळतो. ज्याला घेतलं नाही त्याच्यावर आपण अंदाजाने उपचार करतो.

आणि आता पाचवा प्रकार, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना सुरुवातीला वाचाघात असतो. काहींचा ओसरतो, पुष्कळांचा राहतो. वाचाघात म्हणजे बुद्धी जाणं नव्हे, हे कमिटीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी संमतीपत्राचा प्रश्न आला की वागणूक अशी होते जणू समोरच्याला काही कळतच नाही. बाबांना संमतीचा कागद दाखवला तेव्हा मी शेजारी होते. बारीक अक्षरांची कित्येक पानं होती, एकेका वाक्यात तीन-तीन अटी. निरोगी माणूस तो कागद न वाचता सही करतो, आणि ती संमती ग्राह्य धरली जाते. बाबांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं, पुढे सरकवलं, परत मागे आणलं. अर्थ लागेना म्हणून त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याची नोंद 'असमर्थ' अशी झाली.

त्याच काळात बाबांची स्पीच थेरपिस्ट त्यांच्याशी कशी बोलायची ते मी सांगते. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात. समोर चित्र. मग एका कोऱ्या कागदावर जाड अक्षरांत दोनच शब्द, 'हो' आणि 'नाही', मध्ये भरपूर जागा. बाबा बोट ठेवायचे. वाचाघातात माणूस 'नाही' म्हणायचं असताना 'हो' बोलून जातो, म्हणून ती तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारायची. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे. व्यायामासाठी आठवड्यातून किती वेळा यायला आवडेल, दुखलं तर थांबायचं का, व्हिडिओ काढला तर चालेल का, हे सगळं त्यांनी या पद्धतीने सांगितलं. व्हिडिओला नकार दिला. इतकी नेमकी संमती शेजारच्या खाटेवर बोलू शकणाऱ्यांकडूनही घेतली गेली नसेल.

ही पद्धत बाबांच्या थेरपिस्टने शोधलेली नाही. आधार देऊन संवाद साधण्याच्या पद्धती या क्षेत्रात अनेक वर्षं शिकवल्या जातात. सचित्र संमतीपत्रं तयार करता येतात. प्रश्नावलीचं म्हणाल तर वाचाघात असलेल्यांसाठी जीवनमानाची खास मोजपट्टी आहे, एसएक्यूओएल-३९ नावाची. नैराश्य ओळखण्यासाठी जवळच्या माणसाने निरीक्षणावरून भरायची प्रश्नावलीही आहे. साधनं आहेत. ती वापरायची तर थोडा जास्त वेळ आणि एक प्रशिक्षित माणूस लागतो, आणि हा खर्च आराखड्यात कुणी मांडत नाही, कारण तुम्ही तो मागत नाही.

नैतिकतेचा मुद्दा निघालाच आहे तर माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याकडेही बोट दाखवते, कारण तुमच्या प्रत्येक मंजुरीपत्रात त्याचा उल्लेख असतो. १९६४ मधला हा दस्तऐवज अनेकदा सुधारला गेला. ज्या गटांना संशोधनात पुरेसं प्रतिनिधित्व मिळत नाही त्यांना सहभागाची योग्य संधी मिळावी, असं २०१३ च्या आवृत्तीत म्हटलं आहे. जो स्वतः संमती देऊ शकत नाही त्याच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीची संमती घ्यावी आणि त्या माणसाला स्वतःची इच्छा दाखवता येत असेल तर तीही विचारावी, असाही मार्ग त्यात दिला आहे. तातडीच्या चाचण्यांत बेशुद्ध रुग्णाच्या घरच्यांकडून संमती घेतलेली चालते. मग शुद्धीत असलेल्या, बोट ठेवून स्पष्ट 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला 'असमर्थ' कोणत्या न्यायाने ठरवता? त्याचं रक्षण करतो आहोत, असं तुम्ही म्हणाल. अभ्यासाबाहेर ठेवल्याने बाबांचं कशापासून रक्षण झालं, ते मला समजावून सांगा. हाताच्या व्यायामाचा धोका त्यांना इतरांहून जास्त नव्हता. उद्या ही पद्धत सगळीकडे रूढ झाली तर बाबांनाही तीच दिली जाईल, त्यांच्यासारख्या एकाही माणसावर तपासलेली नसताना.

मेंदूत भाषेची जागा कुठे असते याचं शास्त्र सुरू झालं तेच मुळी एका न बोलू शकणाऱ्या माणसापासून. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने ज्याचा मेंदू तपासला, त्या लेबोर्न नावाच्या रुग्णाला 'टॅन' या एकाच अक्षरसमूहाखेरीज जवळपास काहीच बोलता येत नव्हतं. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात त्याला झालेली इजा पाहून ब्रोकाने जे मांडलं ते आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. आज लेबोर्नने एखाद्या पुनर्वसनाच्या अभ्यासात नाव दिलं असतं तर त्याला बाबांसारखंच पत्र मिळालं असतं.

जनजागृतीबद्दलही दोन शब्द. तिथेही हीच माणसं गळतात. चेहरा, हात, वाचा आणि वेळ, ही पक्षाघात ओळखण्याची चार सूत्रं आता बऱ्याच लोकांना माहीत आहेत आणि त्यांनी जीव वाचवले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मेंदूच्या मागच्या भागातला झटका आधी तोल जाण्यातून, एकाएकी दुहेरी किंवा अंधूक दिसण्यातून कळतो. २०१७ मधल्या एका अभ्यासात ७३६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जुन्या सूत्रांतून सुमारे १४ टक्के निसटलेले दिसले. तोल आणि डोळे ही दोन लक्षणं जोडल्यावर निसटणारे ४ टक्क्यांच्या आसपास आले. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. 'लक्षणं दिसताच फोन करा' असं आपण सांगतो. ज्याची वाचा गेली आहे आणि जो घरात एकटा आहे, त्याने फोनवर काय बोलावं? जनजागृतीच्या अभ्यासात लोकांना लक्षणं तोंडपाठ आहेत का हे विचारतात. मूक फोन आल्यावर पलीकडचा माणूस काय करतो, एका बटणाने किंवा संदेशाने मदत पोहोचते का, हे तपासायला तुम्ही पैसे द्यायला हवेत. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. बोलता न येणाऱ्याची मिनिटं सगळ्यात जास्त वाया जातात.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. म्हातारे उंदीर दीड-दोन वर्षं पोसावे लागतात आणि शस्त्रक्रियेत जास्त मरतात. वेगवेगळ्या प्रकारचे रुग्ण घेतले की आकडे पसरतात, संख्या वाढवावी लागते, खर्च वाढतो. संपादकांना स्वच्छ, ठसठशीत निकाल हवा असतो, आणि तरुण निरोगी नर उंदीर तो देतात. पण पक्षाघात हा आजारच तसा विस्कळीत आहे. पंचविशीपुढच्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी तो गाठेल, असा जागतिक अंदाज आहे. त्या चौथ्या माणसाचं वय, लिंग, रक्तदाब आणि वाचा तुम्हाला निवडता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या. त्या साध्या आहेत आणि तुमच्या अधिकारात आहेत.

निधी देणाऱ्यांनो, पक्षाघाताचं कोणतंही औषध माणसांवर तपासायला पैसे देण्याआधी ते वयस्क प्राण्यांत, दोन्ही लिंगांत, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या प्राण्यांत आणि किमान दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तपासलेलं असण्याची अट घाला. चिठ्ठ्यांनी वाटणी आणि आंधळी मोजणी झाली का, ते अर्जातच विचारा. सचित्र संमतीपत्र, स्पीच थेरपिस्टचा वेळ, जास्तीच्या भेटी यांच्यासाठी अंदाजपत्रकात वेगळा रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर अर्ज परत पाठवा. ज्या चाचण्यांतून वगळलेल्यांबद्दल काही कळू शकतं, त्यांचा निधी अर्ध्यावर तोडू नका.

एथिक्स कमिटीच्या सदस्यांनो, वय, वाचा आणि लिंग यांवरून वगळणाऱ्या प्रत्येक निकषाशेजारी त्याचं वैद्यकीय कारण लिहायला लावा. 'संमती शक्य नाही' हे कारण, आधार देऊन संमती घेण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद असल्याशिवाय मान्य करू नका. तुमच्या कमिटीत वाचाघात असलेला एखादा माणूस किंवा त्याची काळजी घेणारं कुणीतरी सदस्य म्हणून घ्या.

संपादकहो, किती जणांना आणि कोणत्या कारणाने अभ्यासाबाहेर ठेवलं त्याचा तक्ता मुख्य निबंधातच छापा, पुरवणीत ढकलू नका. निबंधाच्या शीर्षकात 'पक्षाघात झालेले रुग्ण' असं लिहिलं असेल आणि आत न बोलणारा एकही नसेल, तर शीर्षक बदलायला सांगा. फसलेल्या प्रयोगांना जागा द्या.

ज्या अभ्यासातून बाबांना वगळलं तो अजून चालू आहे. आराखड्यात दुरुस्ती करून निकष बदलण्याची सोय चालू अभ्यासातही असते, त्यासाठी कमिटीपुढे एक अर्ज जावा लागतो. तो अर्ज करावा, अशी विनंती मी संबंधित संशोधकांना लेखी केली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या टेबलावर तो येईल, त्यांनी तो मंजूर करावा. आणि नामंजूर करायचा झाला तर कारण जाहीरपणे लिहावं. बाबा ते वाचतील. मी मोठ्या अक्षरांत, एकेक वाक्य वेगळं करून त्यांच्यापुढे ठेवीन.

आपली,
प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आणि वाचाघात असलेल्या एका रुग्णाची मुलगी